निरोप्याला सुट्टी द्या

“बंड्या, बाबांना सांग, पान वाढलंय.”

“आईला सांग, मला भूक नाही.”

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांत जेमतेम दहा पावलांचे अंतर, पण निरोप पोचवायला आठ वर्षांचा मुलगा लागतो. दोन दिवसांचा अबोला असेल तर आपण ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणून हसून सोडून देतो. परंतु काही घरांत तो महिनोन् महिने चालतो. भांडण कशावरून सुरू झाले होते, हे दोघांनाही आठवेनासे होते. मुलगा मात्र निरोपातले टोचरे शब्द वाटेतच गाळून टाकायला शिकलेला असतो. मग शाळेतून चिठ्ठी येते की याचे अभ्यासात लक्ष नाही. आईवडील त्याला समुपदेशकाकडे नेतात आणि समुपदेशक सांगतात, “पुढच्या वेळी तिघेही या.”

इथे बहुतेक आईवडील दचकतात. बिघडला आहे तो मुलगा, मग आम्ही कशाला?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी यासाठी एक साधा शब्द वापरला, तो म्हणजे त्रिकोण. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये ओढतात. तेवढ्यापुरते हलके वाटते, पण ओझे तिसऱ्याच्या डोक्यावर जाते आणि मूळ भांडण जिथल्या तिथे राहते. बोवेन यांनी आपली एकत्र कुटुंबे पाहिली असती, तर त्यांना उदाहरणांची ददात पडली नसती! संध्याकाळी दमून आलेल्या मुलाला आधी आईच्या खोलीत एक हकिकत ऐकावी लागते, मग बायकोच्या खोलीत तीच हकिकत उलटी. तो दोघींनाही ‘बघतो’ म्हणतो आणि टीव्ही लावतो. त्याला वाटते, आपण शांतता राखली. दोघींना वाटते, त्याने दुसरीची बाजू घेतली. सासरी गेलेली नणंद फोनवरून निकाल देते आणि हल्ली त्यात व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक ग्रुपचीही भर पडली आहे.

खुर्ची वळवा

समुपदेशकाच्या खोलीत काय चालते, याविषयी अनेकांच्या मनात कोर्टाचे चित्र असते. दोघांनी आपापली बाजू मांडायची आणि साहेबांनी निकाल द्यायचा. साहजिकच पहिल्या दिवशी बायको समुपदेशकाकडे पाहून म्हणते, “हे कधी घरीच नसतात.” समुपदेशक निकाल देत नाहीत. ते म्हणतात, “मला नको, यांना सांगा.” खुर्ची वळवावी लागते. कित्येक जोडप्यांना एवढेसुद्धा जड जाते.

पुढचा नियम आणखी विचित्र वाटतो. एकाने बोलायचे, दुसऱ्याने उत्तर देण्याआधी आपण काय ऐकले ते सांगायचे. नवरा सांगतो, “मी नालायक आहे, असं ही म्हणते.” बायको चकित होते. तसे ती म्हणालीच नव्हती. थोडे थांबून ती म्हणते, “संध्याकाळी घर खायला उठतं, एवढंच मला म्हणायचं होतं.” एका जाणकार माणसासमोर, न ओरडता, इतके जरी झाले तरी त्या दिवसाची फी वसूल झाली म्हणायची. १९८०च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी याच धाग्यावर जोडप्यांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली. एक जण पाठपुरावा करतो, दुसरा मागे सरतो. जितका पाठपुरावा अधिक, तितके मागे सरणे अधिक. हे चक्र दोघांना एकत्र दिसले की भांडायला समोरच्या माणसाऐवजी ते चक्रच मिळते.

अमेरिकेतच जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणे प्रयोगशाळेत टिपली. सतत दोष काढणे, तुच्छता दाखवणे, स्वतःचाच बचाव करणे आणि तोंड मिटून बसणे, या चार सवयी त्यांना संसाराला सर्वांत घातक आढळल्या. त्यांतही तुच्छता पहिल्या नंबरची. ‘तुला काय कळतंय?’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज म्हटले जाते! तोंड मिटून बसणारा माणूस मात्र नेहमीच बेफिकीर असतो, असे नाही. पुष्कळदा त्याची छाती धडधडत असते. अशा वेळी ‘मला थोडा वेळ दे, जेवणानंतर बोलू’ असे सांगून उठावे आणि जेवणानंतर खरोखरच बोलावे. दुसरी अट बरेच जण विसरतात.

तंबूतले नातेवाईक

कुटुंबाला उपचारात घेणे ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला अमृतसरची गोष्ट सांगावी. १९५०च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहायला लावले. तोवर रुग्णाला दारात सोडून जाण्याचीच रीत होती. पुढे बंगलोरच्या ‘निमहान्स’सारख्या संस्थांत कौटुंबिक उपचाराचे काम वाढले.

आपल्याकडे जोडपी समुपदेशकाकडे पोचतात ती फार उशिरा, बहुधा कोर्टाच्या पायरीवर. १९८४च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली आणि शक्य तिथे आधी समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. तिथले विवाह समुपदेशक चिकाटीने काम करतात. पण तोवर दोन्हीकडचे मामा, काका आणि वकील आपापली मते देऊन मोकळे झालेले असतात. एवढे लोक मध्ये आल्यावर नवरा-बायकोला एकमेकांचे ऐकू येणार तरी कसे?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. घरात मारहाण होत असेल, बायको नवऱ्यासमोर तोंड उघडायला घाबरत असेल, तर दोघांना एकत्र बसवू नये. तिथे खरे बोलल्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. ‘जरा जमवून घे’ हा सल्ला इथे गुन्ह्याला मदत करतो.

आणि नवरा येतच नसेल तर? ‘आम्ही काय वेडे आहोत? घरचं चव्हाट्यावर कशाला?’ हे उत्तर बहुतेक बायकांनी ऐकलेले असते. तर एकटीने जावे. त्रिकोणातल्या एकाने जरी निरोप नेणे थांबवले, तरी उरलेल्या दोघांना काहीतरी वेगळे करावे लागते. सासूने तक्रार केली की सुनेने किंवा मुलाने शांतपणे म्हणायचे, “हे तुम्ही त्यांनाच सांगा ना, मी बरोबर बसते.” पहिले काही दिवस घरात नाराजी राहील, तेवढी सोसावी.

समुपदेशक निवडताना त्यांचे शिक्षण, जोडप्यांबरोबर काम केल्याचा अनुभव आणि फी आधीच विचारावी. त्यात संकोच कसला? खासगी फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांतला मनोविकार विभाग आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही २०२२ साली सुरू झालेली मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, आणि तिथे मराठीतही बोलता येते. फोन करताना मुले जवळ नसतील, एवढे पाहा.