विचारास वाट

मनांत आलेला विचार मनांतच मुरूं दिला म्हणजे तो परिपक्व होतो, अशी एक समजूत आहे. ती फारशी खरी नाहीं. शब्दांत उतरून दुसऱ्याच्या कानीं पडेपर्यंत विचाराचें अपुरेपण प्रत्यक्ष कर्त्यालाही दिसत नाहीं. याचा दाखला सोलापूरकरांस दूर शोधावा लागत नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरांतील एका विद्वान् ब्राह्मण घराण्यांत रामजोशी वाढला. वडील बंधु मुद्गल हे पुराणिक. रामाचें मन मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढ घेई. बंधूंनीं त्यास घराबाहेर काढलें, अशी हकिगत परंपरेनें चालत आली आहे. पंढरपुरास जाऊन त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, पुढें कीर्तनें केलीं, मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या मुखीं बसविल्या. पण त्याचें नांव राहिलें तें लावणीनें.

व्याकरण आणि अलंकार पाठशाळेंत, डफ आणि तुणतुणें फडांत, अशी वाटणी त्या काळीं पक्की होती. रामजोशानें एका घरचा ऐवज दुसऱ्या घरीं नेला. यमक-अनुप्रासांची पंडिती कारागिरी त्यानें लावणीच्या ठेक्यांत बसविली. मराठीच्या जोडीस संस्कृत, कानडी, हिंदी यांनाही तींत जागा दिली. नवी कल्पना बहुधा अशीच जन्मते, शून्यांतून नव्हे. शिवाय फडापुढचा श्रोता उसना आदर दाखवीत नाहीं. कडवें फसलें तर तो उठून जातो. कवीस याहून परखड परीक्षक कोठें मिळणार? मात्र त्याची किंमत घर सोडून द्यावी लागली, हें विसरतां येत नाहीं.

छापखाना आल्यावर ही वाट रुंदावली. १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांनीं सरकारी चाकरींत असतांनाच ‘लोकहितवादी’ या नांवानें ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत पत्रें लिहिलीं. तीं शंभरांवर भरलीं. पत्र आटोपशीर, भाषा रोखठोक. ग्रंथ पुरा होईपर्यंत थांबण्याचें कारण उरलें नाहीं; एका पत्रांत राहिलें तें पुढच्यांत येई.

विजापूर रस्त्याच्या बाजूस वाढलेल्या जुळे सोलापुरांतल्या लिहिणाऱ्यास आज फडही नको आणि छापखानाही नको. हातांतल्या फोनवरून त्यास आपलें लेखन चारचौघांपुढें मांडतां येतें. अडचण आतां उलटी आहे. श्रोता समोर दिसत नाहीं. तो अर्ध्यावर उठून गेला तरी कळत नाहीं. लिहिलेलें आधीं घरांतल्या एखाद्या माणसास मोठ्यानें वाचून दाखविणें, हा त्यावर स्वस्त उपाय. त्याची जांभई लपत नाहीं.