परड्यातला साप : बंदोबस्त उंदराचा करा



राधानगरी म्हणजे दाजीपूरच्या रानाचा शेजार. १९५८ साली येथे गव्यांचे अभयारण्य झाले. शेतात शिरणाऱ्या गव्याची चर्चा आपण रोज करतो; पण घराच्या परड्यात येतो तो साप, आणि त्याची चर्चा दंश झाल्यावरच होते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतलीच.

साप परड्यात येतो तो उंदरासाठी. ऊस तुटला, की फडातला उंदीर घराकडे सरकतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले, की पुन्हा तेच. लागणीच्या नोंदीसाठी फिरताना आम्हांस बहुतेक परड्यांत एकच चित्र दिसते : भिंतीला टेकून वैरणीची गंज, शेजारी जळण, शेणी आणि सांडलेले धान्य. उंदराची सोय झाली, की मागोमाग साप आलाच.

तेव्हा गंज व जळण भिंतीपासून लांब, विटांवर हातभर उंच रचा. भिंतीची भोके बुजवा, मोरीला जाळी बसवा. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. शेणी काढताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. रात्री बॅटरी आणि पायताणाशिवाय परड्यात जाऊ नका. मण्यार रात्री हिंडतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून झोप खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी.

काहीजण घराभोवती उरलेले फोरेट टाकतात. त्याने साप अडतो याचा भरवसा नाही. पोरंबाळं आणि कोंबड्यांच्या जिवाला मात्र धोका. शिवाय २०२० अखेरपासून त्यावर बंदी आहे.

दिसेल तो साप मारू नका. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. ती म्हशीच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते, ही निव्वळ समजूत. साप मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. वन खात्याला १९२६ वर कळवा.

एवढे करूनही दंश झालाच, तर देवरुषाकडे वेळ घालवू नका. जखम चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. माणसाला धीर द्या, चालवू नका. दंशाचा हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. राधानगरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचे सीपीआर गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. साप शोधत बसण्याचे कारण नाही.

उसाला आपण वर्षभर जपतो. गळीत सुरू होण्याआधी एक दिवस परड्यालाही द्यावा, ही विनंती.

— ऊस विकास विभाग