गाणे लोकांचे कधी होते?

गाणे जुने, भाषा बोलीतली आणि कवी अज्ञात, एवढ्यावर त्याला लोकगीत म्हटले जाते. यांतली एकही खूण पुरेशी नाही. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली साओ पावलो येथे स्वीकारलेली व्याख्या, गाणे कोणी रचले यापेक्षा ते कसे टिकले हे पाहते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले सातत्य, गाणाऱ्यागणिक होणारा बदल आणि कोणते रूप राखायचे याची समाजाने केलेली निवड, हे तिचे तीन निकष. इंग्रज संग्राहक सेसिल शार्प यांनी ते १९०७ मध्येच मांडले होते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जात्यावरची ओवी. मराठी स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त आहे. इतका काळ टिकतो तो ओवीचा साचा. शब्द बदलत राहतात. पहाटे दळायला बसलेली बाई आईकडून ऐकलेल्या ओवीत स्वतःच्या भावाचे, माहेरच्या गावाचे नाव घाली, विसरलेला चरण नव्याने जुळवी. तो जात्याच्या फेऱ्यात बसला आणि शेजारणीने उचलला, की ओवी तिची एकटीची राहत नसे. न बसलेली तिथेच विरून जाई. कवीचे नाव हरवते ते या उचलण्यामुळे. नाव नाही म्हणून गाणे लोकगीत होत नाही. (कॅसेटवर ‘पारंपरिक’ छापणे ही तर पुष्कळदा नुसती सोय असे.) हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जमवलेल्या ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या, त्यांत एकाच ओवीची कितीतरी रूपे सापडतात.

बहिणाबाई चौधरींनीही ओवीच्याच वळणाने, खानदेशी बोलीत, तोंडी रचना केली. पण १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली, पाठ ठरला आणि त्यांत कोणी शब्द बदलला तर ती चूक ठरते. म्हणून ती कविता. उलट एकनाथांच्या भारुडांचा कर्ता सर्वांना ठाऊक आहे, तरी सोंग घेणारा कलावंत त्यांत आपल्या गावची बतावणी घालतो आणि कोणी हरकत घेत नाही. भारूड लोकगीताच्या अधिक जवळ जाते ते यामुळे.

पिठाची गिरणी आली तसे रोजचे दळण सुटले आणि ओवीचा रोजचा प्रसंगही गेला. लग्नघरी हळद दळण्याआधी मात्र अजून जाते पुजतात, आणि त्या वेळच्या ओवीत नवरीचे नाव घालतात.