वारा ठीक, पण भरती काय म्हणते?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडाची बोट हाकायची, तर वाऱ्याआधी भरतीला विचारावं लागतं. बेटांच्या गर्दीतून अटलांटिकचं पाणी दिवसातून दोनदा आत घुसतं, दोनदा बाहेर पडतं. साधारण यॉट पळते 5-6 नॉटने. आणि जुरा व स्कार्बा या बेटांमधल्या कॉरीव्रेकन सामुद्रधुनीत उधाणाला पाणीच धावतं 8 नॉटने! शिडं टम्म फुगलेली, बोट मात्र मागे मागे. त्यात समुद्रतळातून उठलेला एक सुळका पृष्ठभागाखाली 29 मीटरपर्यंत आलाय. पाणी त्याच्यावर आदळतं आणि भोवरा घुमू लागतो.

या भोवऱ्याने ‘1984’ ही कादंबरी जवळपास गिळलीच होती. आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला जॉर्ज ऑरवेल जुरावर ती लिहीत होता. ऑगस्ट 1947 मध्ये छोटा मुलगा आणि भाचरांना घेऊन तो इंजिनाच्या होडीतून निघाला. भरतीचं गणित चुकलं, इंजिन निखळून समुद्रात गेलं. वल्ही मारत कसेबसे एका खडकाळ बेटापाशी पोचले, तर उतरतानाच होडी उलटली. शेवटी लॉब्स्टर पकडणाऱ्या कोळ्यांनी सगळ्यांना सोडवलं. जाणकार नावाडी इथून जातात ते पाणी थांबतं तेवढ्या वेळातच, तेही हवा शांत असेल तर.

खवळलेला समुद्र नकोच? मग कालव्याने जा. 14 किलोमीटरचा क्रिनन कालवा किंटायरच्या भूशिराचा वळसा वाचवतो. फक्त वाटेत 15 लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे दारबंद हौद, आहेत. थॉमस टेलफर्डच्या कॅलेडोनियन कालव्यात तर बानव्हीला ओळीने 8 लॉक. बोट चक्क 20 मीटर जिने चढते!

होकायंत्रावरही इथे डोळे मिटून विसंबू नका. कॅना बेटावर ‘कंपास हिल’ नावाची टेकडी आहे. तिच्या ज्वालामुखी खडकात लोह इतकं, की जवळून जाणाऱ्या बोटीचं होकायंत्रच बहकतं.

स्टाफा बेटावरच्या फिंगलच्या गुहेत बेसॉल्टचे सहाकोनी खांब उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना तडकण्याची तीच करामत. संगीतकार मेंडेल्सोन 1829 मध्ये इथे आला आणि त्याला सपाटून बोट लागली. पण या गुहेशी जोडल्या जाणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध ‘हेब्रिडीज’ रचनेची सुरुवात? ती त्याने गुहा पाहण्याच्या आदल्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवली होती.

संध्याकाळी छानशा खाडीत नांगर टाकला की वारा पडावा असं वाटतं ना? चुकूनही मागू नका. वारा पडला की ‘मिज’ नावाच्या चिलटांचे थवे डेकवर उतरतात. चावतात फक्त माद्या, पण त्यांची संख्या पाहता हा काही दिलासा नव्हे. जरा झुळूक आली की त्यांना उडणं जमत नाही. म्हणून शिडं गुंडाळून झाल्यावरही इथला खलाशी वाऱ्याचाच धावा करतो.