मासा जगला, पण कसा?

झेब्राफिशच्या मादीला अंडी घालायला उजाडावं लागतं. मासेघरात हे उजाडणं भिंतीवरच्या टायमरच्या हाती असतं: चौदा तास दिवे, दहा तास काळोख. आदल्या संध्याकाळी एका लहान पारदर्शक डब्यात मधोमध पट्टी घालायची, एका बाजूला नर सोडायचा, दुसऱ्या बाजूला मादी. सकाळी दिवे लागले की पट्टी उचलायची. नर मादीच्या पाठी लागतो, अंगाला अंग घासतो आणि थोड्याच वेळात डब्याच्या जाळीदार तळातून अंडी खाली पडू लागतात. जाळी नसली तर जन्मदातेच ती खाऊन टाकतात. एक मादी एका सकाळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. चहाच्या गाळणीत ती गाळून, स्वच्छ पाण्यात धुऊन पेट्री डिशमध्ये घेतली की आमच्या टेबलावरचं काम सुरू होतं. पाण्यात मिसळलेली रसायनं वाढत्या जिवाचं काय करतात, हे या अंड्यांना विचारण्याचं काम.

आधी निवड. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, त्यामुळे सगळं मायक्रोस्कोपखाली. फलित अंड्यात पिवळसर बलकाच्या गोळ्यावर पेशींची स्वच्छ टोपी दिसते. पाऊण तासात तिचे दोन भाग होतात, मग साधारण दर पंधरा मिनिटांनी दुप्पट: चार, आठ, सोळा. पांढुरकी पडलेली, वेडीवाकडी विभागलेली अंडी पिपेटने उचलून बाजूला काढायची. सोळा पेशी होईपर्यंत अंडं तपासणीच्या पाण्यात पोचलेलं असलं पाहिजे, म्हणून या वेळी खोलीत कुणी फारसं बोलत नाही.

हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओढे, तळी, भाताची खाचरं हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मानाचं स्थान मिळवून दिलं ते अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१चा. पुढे २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड असल्याचं दिसलं. पण आमच्यासारख्यांना त्याचं खरं आकर्षण वेगळं आहे. त्याचं भ्रूण आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि ते काचेसारखं पारदर्शक असतं. आत काय बिघडतंय हे बघायला काही कापावं लागत नाही.

चाचणीची पद्धत जगभर ठरलेली आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये ती २३६ क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणून स्वीकारली. चोवीस खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खळग्यात एक भ्रूण. वीस खळग्यांत तपासायचं रसायन, उरलेल्या चारांत साधं पाणी. अशा किमान पाच वेगवेगळ्या तीव्रता. तापमान २६ अंशांच्या आसपास राखायचं आणि ९६ तास, दर चोवीस तासांनी बघायचं. शिवाय एका प्लेटमध्ये मुद्दाम विष घालायचं: ३,४-डायक्लोरोअॅनिलीन, लिटरला ४ मिलिग्रॅम. त्या प्लेटमधली किमान ३० टक्के भ्रूणं मेली नाहीत, किंवा साध्या पाण्यातली ९० टक्के जगली नाहीत, तर सगळी चाचणी रद्द. हे विष परकंही नाही. उसाच्या आणि कापसाच्या शेतात तणनाशक म्हणून वापरलं जाणारं डाययुरॉन मातीत विघटित होतं, तेव्हा हेच रसायन तयार होतं.

चोवीस तासांनी झाकण उघडून मायक्रोस्कोपखाली पहिली प्लेट सरकवायची ही माझी सर्वांत आवडती वेळ. काल जिथे पेशींचा ढीग होता तिथे आता डोळे आहेत, पाठीवर स्नायूंच्या खंडांची रांग आहे, बलकापासून सुटलेली शेपटी आहे. भ्रूण आवरणातल्या आवरणात एकदम वळसा घेतं, थांबतं, पुन्हा वळतं. बारकाईने पाहिलं तर नुकतं सुरू झालेलं हृदय दिसतं. अठ्ठेचाळीस तासांना तर शेपटीच्या शिरेतून एकामागून एक धावणाऱ्या रक्तपेशी मोजता येतील इतक्या स्पष्ट असतात. कितीही प्लेटा पाहिल्या तरी या दृश्याची सवय होत नाही, होऊही नये असं मला वाटतं.

मार्गदर्शिका चार प्रश्न विचारते. भ्रूण पांढरं पडून गोठलं का? स्नायूंचे खंड पडलेच नाहीत का? शेपटी बलकापासून सुटली नाही का? हृदय बंद आहे का? यांतल्या एकाचं उत्तर ‘हो’ आलं की ते भ्रूण मेल्यात जमा. मग किती तीव्रतेला निम्मी भ्रूणं मरतात याचा आकडा काढायचा. अहवालाच्या पहिल्या पानावर तोच जातो, आणि रसायनांची एकमेकांशी तुलनाही बहुधा त्याच आकड्याने होते.

पण मायक्रोस्कोपवर बसणाऱ्याची वही त्या चार प्रश्नांपाशी थांबत नाही. तिच्या समासात बाकीचं लिहिलेलं असतं. हृदय चालू आहे, पण त्याच्याभोवती पाणी साठून फुगा आलाय. कर्णिका दोनदा धडकते तेव्हा जवनिका एकदा. पाठीचा कणा वाकलाय. साध्या पाण्यातली भावंडं तिसऱ्या दिवशी आवरण फोडून बाहेर आली, हे अजून आतच आहे. बाहेर आलेल्या पिल्लाच्या शेपटीला बारीक सुईने स्पर्श केला तर निरोगी पिल्लू क्षणात निसटतं. हे जागच्या जागी थरथरतं. चार प्रश्नांच्या हिशोबात ही सगळी पिल्लं जिवंत.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. झेब्राफिशचं भ्रूण इतकं लहान असतं की पाण्यातला प्राणवायू त्वचेतून थेट आत झिरपतो आणि पहिले काही दिवस रक्ताभिसरणावाचूनही त्याचं भागतं. दुबळं हृदय त्याला लगेच मारत नाही. म्हणून ९६ तासांनी मोजलेल्या ‘जिवंत’मध्ये पुढे तग न धरणारे जीवही असतात.

मला हे प्रकर्षाने पटलं ते तेलगळतीच्या अभ्यासांतून. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर खडकाला धडकलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या पाण्यात गेलं. तेलाने माखलेले पक्षी जगाने पाहिले. माशांच्या अंड्यांवर काय गुदरलं ते मात्र डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं. सिएटलमधल्या नोआ या सरकारी संस्थेच्या जॉन इनकार्डोना आणि सहकाऱ्यांनी तेलातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं एकेक करून झेब्राफिशच्या भ्रूणांना दिली आणि २००४ मध्ये दाखवून दिलं की, तीन कड्यांची काही संयुगं थेट हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात अडथळा आणतात. फुगा, वाकलेलं अंग, हे त्यानंतरचे परिणाम. त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०११चा प्रयोग. भ्रूणांना अगदी थोडा काळ, सौम्य प्रमाणात कच्च्या तेलाचा संपर्क दिला, मग स्वच्छ पाण्यात ठेवून मोठं केलं. दिसायला ते चांगले मासे झाले. प्रवाहाविरुद्ध पोहायला लावल्यावर ते कमी पडले आणि त्यांच्या हृदयाचा आकारच बदललेला निघाला. अशा माशाला नदीत कुणी विषबाधित म्हणणार नाही. मोठ्या माशाने त्याला गाठलं तरी ती निसर्गाची रीत म्हणून सोडून दिली जाईल.

तांब्याची गोष्टही अशीच. आपल्याकडे द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. झेब्राफिशच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना संवेदी पेशींचे पुंजके असतात. पाण्याची हालचाल, शत्रूची चाहूल त्याला त्यातून कळते. या पेशी आपल्या कानातल्या केसपेशींच्या जातीच्या. विशिष्ट रंग दिला की निरोगी पिल्लाच्या अंगावर ठिपक्यांची ओळ उजळते. विरघळलेल्या तांब्याच्या पाण्यात काही तास काढलेल्या पिल्लावर ते ठिपके विझलेले असतात. पिल्लू पोहत असतं, खात असतं. प्रमाण कमी असेल तर या पेशी पुन्हा उगवतातही; पण तोवर ओढ्यात त्याला भक्षक ओळखायचा कसा?

आणि काही घाव तर पुढच्या पिढीतच उघडे पडतात. गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम संप्रेरक शरीरातून सांडपाण्यात आणि तिथून नदीत जातं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी झेब्राफिशना लिटरला ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जांश भागाच्या पाचपट, इतक्या प्रमाणात ते सतत दिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या पाण्यातच जन्मून वाढलेल्या पिढीतल्या माद्यांची अंडी निम्म्याहून खाली आली आणि त्यांतलं एकही फलित झालं नाही. नर मात्र माद्यांमागे पूर्वीसारखेच धावत होते. टाकीत मासे आहेत, धावपळ आहे, आणि वंश तिथेच संपलेला आहे.

हे सगळं आपल्या कायद्याला लागून आहे, म्हणून लिहिते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांमध्ये जैव-चाचणीची अट आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही अट ज्यांनी घातली त्यांनी मोठं काम केलं. पाण्यात मिसळलेल्या शेकडो रसायनांचा एकत्रित परिणाम कुठल्याही यंत्राला कळत नाही, तो जिवंत प्राण्याला कळतो, हे त्यांनी नियमात आणलं. पण नियमातला मासा फक्त ‘मेलो’ किंवा ‘जगलो’ एवढंच सांगू शकतो. वाकलेला कणा, अडखळणारं हृदय, विझलेले ठिपके यांना त्या तक्त्यात रकाना नाही.

तो रकाना हवा. भ्रूणाची चाचणी महाग नाही. एका प्लेटला काही चमचे पाणी पुरतं, मायक्रोस्कोप जिल्ह्याच्या महाविद्यालयांतही असतात आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगलं शिकवणारं माणूस भेटलं तर ठोके मोजायला, सूज ओळखायला तो काही आठवड्यांत तयार होतो. मृत्यूच्या आकड्याशेजारी हृदय, कणा, आवरणातून बाहेर येण्याचा काळ आणि स्पर्शाला दिलेला प्रतिसाद, एवढ्या चार नोंदी सक्तीच्या केल्या तरी आज ‘उत्तीर्ण’ ठरणाऱ्या पाण्याबद्दल खूप काही कळेल.

तोवर एक काम कुणालाही करता येईल. तुमच्या गावाजवळ औद्योगिक वसाहत किंवा सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच्या सांडपाण्याच्या तपासणीचे अहवाल मागा. त्यात जैव-चाचणीची ओळ आहे का ते पाहा, आणि असेल तर मासे किती जगले यापुढे आणखी काय नोंदवलं होतं, ते लेखी विचारा.