परदेशात पक्का पत्ता नाही, मग गाडीचा विमा कसा काढायचा?

कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशात पाठवलं. आधी सर्व्हिस अपार्टमेंट, मग मित्राकडे, मग दुसऱ्या शहरात भाड्याची खोली. या धावपळीत सेकंड हँड गाडी घेतली, तर विम्याच्या फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न येतो : पत्ता काय? अनेकजण एखाद्या ओळखीच्या माणसाचा पत्ता टाकून मोकळे होतात. त्याची किंमत कळते ती अपघात झाल्यावर.

कंपनी पत्ता का विचारते?

पत्र पाठवायला पत्ता लागतोच. पण हप्ता ठरवताना महत्त्वाचं असतं ते गाडी रात्री कुठे उभी असते. त्या भागात चोऱ्या आणि अपघात किती होतात, गाडी गॅरेजमध्ये असते की रस्त्यावर, हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणजे पत्रव्यवहाराचा पत्ता आणि गाडी उभी करण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या खरोखर वेगळ्या असतील, तर तसं स्पष्ट सांगावं.

कुठे काय नियम?

*ब्रिटन :* २०१२च्या ग्राहक विमा कायद्यानुसार निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली असेल, तर भरपाईत कपात होऊ शकते. जाणूनबुजून दिली असेल, तर कंपनी पॉलिसी रद्द करून दावा नाकारू शकते. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडल्यास ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. गाडी थोडेच दिवस हवी असेल, तर तिथे काही दिवसांची तात्पुरती पॉलिसीही मिळते.

*जर्मनी :* इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंद नसेल, तर गाडी स्वतःच्या नावावर करणं अवघड होतं. त्यामुळे खोली घेतानाच घरमालक पत्र देणार का, हे विचारून घ्या.

*अमेरिका :* विम्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. गाडी मुख्यतः जिथे उभी असते, तो पत्ता द्यावा लागतो; पोस्ट बॉक्सवर भागत नाही. घर विकून मोटरहोममध्येच राहणारे अनेक अमेरिकन साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडात कायदेशीर रहिवास ठेवतात आणि कायम फिरणाऱ्यांसाठीची खास पॉलिसी घेतात. कायम गाडीतच राहतो, हे ते कंपनीपासून लपवत नाहीत.

आणि गावाकडची गाडी?

परदेशी जाताना पुण्या-नाशिकच्या सोसायटीत झाकून ठेवलेली गाडी हा दुसरा प्रश्न. 'चालवणारच नाही, तर विमा कशाला?' असं वाटतं. पण उभ्या गाडीतही पुराचं पाणी शिरतं, गाडी चोरीलाही जाते. हे नुकसान थर्ड पार्टी विम्यात येत नाही. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा मिळतो, मात्र स्वतःच्या नुकसानीचा भाग दरवर्षी वाढवावा लागू शकतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की 'नो क्लेम बोनस'ही जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो.

अधूनमधून भाऊ गाडी बाहेर काढणार असेल, तर थर्ड पार्टी विमा हवाच. मोटार वाहन कायद्यानुसार विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघातातल्या जखमीला द्यायची भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते, मग तो कुठल्याही देशात असो.

निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

- आज जिथे राहता तोच पत्ता द्या. खोली बदलली, की कंपनीला ई-मेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.
- गाडी दोन शहरांत फिरत असेल, तर तेही सांगा. हप्ता वाढेल, पण दावा अडकणार नाही.
- राहण्याचं ठिकाण ठरेपर्यंत विम्यासह भाड्याची गाडी घ्या. विम्यात काय येतं, ते करारात वाचा.
- भारतातल्या पॉलिसीवर चालू ई-मेल नोंदवा. भारतीय सिम बंद झालं, तर ओटीपी येत नाही आणि नूतनीकरण अडतं.
- गाडी विकून जात असाल, तर नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत परत येऊन नवी गाडी घेतली, तर ते कामी येतं.