एका तोळ्यात चार-पाच!

पावसाळ्यात मगरिबची नमाज झाली की आमच्या उमरीत घरोघर दिवे लागतात. दिव्याभोवती किडे जमतात आणि त्यांच्यामागे एखादे वटवाघूळ खिडकीतून आत शिरते. मग एकच गोंधळ! "चमगादड आया, बालां ढांको!" असे दादी ओरडतात, मुली ओढणी सावरतात, मुले झाडू घेऊन धावतात. मागच्या वर्षी आमच्याकडेही असेच झाले. झाडूचा फटका बसून ते भिंतीशी पडले, तेव्हा धाकट्याने वाकून पाहिले आणि विचारले, "अब्बा, इतकंसंच? याचं वजन किती असेल?"

प्रश्न चांगला होता. आपल्या घरांत शिरणारी ही वटवाघळे बहुधा पिपिस्ट्रेल कुळातली असतात. त्यांतले सर्वांत छोटे अंगाने जेमतेम दीड इंचाचे आणि वजनाने दोन-तीन ग्रॅमचे. म्हणजे हे एक रुपयाच्या नव्या नाण्याहूनही हलके. सोनाराच्या काट्यावर एका तोळ्याला अशी चार-पाच लागतील! पंख पसरले की मात्र ते वीतभर दिसते, म्हणूनच अंधारात मोठे भासते. याउलट वड-पिंपळावर लटकणारे फळे खाणारे मोठे वटवाघूळ एक किलोच्याही वर जाते.

जगातले सर्वांत लहान वटवाघूळ थायलंड आणि म्यानमारच्या गुहांत राहते. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅम. ते शोधणाऱ्या कित्ती थोंगलोंग्या या थाई संशोधकाचे नाव 1974 मध्ये त्याला देण्यात आले. याच कित्तींनी 1972 मध्ये दक्षिण भारतातल्या एका दुर्मीळ वटवाघळाला आपल्या डॉ. सालिम अलींचे नाव दिले होते. त्याचा नमुना 1948 मध्ये मिळाला होता आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात दुसऱ्याच जातीच्या नावाखाली पडून होता. नीट पाहणारा डोळा मिळायला चोवीस वर्षे लागली.

एवढ्याशा देहात अल्लाहने काय काय ठेवले आहे! आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढायचा, त्याचा प्रतिध्वनी कानाने टिपायचा आणि काळोखात उडता डास पकडायचा. पक्ष्यासारखे उडते, पण अंडी घालत नाही. पिल्लाला दूध पाजते. ते केसांत अडकत नाही. डोक्याजवळ येते ते डासांसाठी. आणि घरात आले म्हणून संकट येते, असे म्हणायचे तर अपशकुन मानायला आपल्या रसूलुल्लाह (स.) यांनी मनाई केली आहे, हे विसरून कसे चालेल?

तेव्हा वटवाघूळ आत आले तर पंखा आधी बंद करा, दिवा मालवा, खिडकी उघडी ठेवा; ते आपोआप जाईल. पडले असेल तर उघड्या हाताने धरू नका. जाड फडके टाकून खोक्यात घ्या आणि बाहेर उंचावर ठेवा. चावले किंवा ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा, कारण रेबीजचा धोका असतो.

आमचे ते पाहुणे खोक्यात थोडा वेळ पडून राहिले. इशाच्या अजानच्या सुमारास पाहिले, तर खोके रिकामे होते. धाकट्याने त्या रात्री झाडू स्वतःच कोपऱ्यात नेऊन ठेवला.